अंथरुणाला खिळलेल्या 10 म्हाताऱ्यांची सोय गावातच करायची, किती माणसं लागतील?

दारव्हा_शेतकरी
पोरं पुण्या-नागपुरात, घरी सत्तरीपुढची माणसं. वृद्धाश्रम चालत्या-फिरत्यालाच घेतात, अर्धांगवायूवाल्याला नाही म्हणतात. ट्रस्टकडून 10 खाटांचं केंद्र काढायचा विचार करून राहिलो. जुनी इमारत मिळते. माणसं आणि खर्च कसा धरावा?

सिस्टर_वर्धा
भाऊ, इमारत नंतर, आधी रात्रपाळी मोजा. आठवड्याचे 168 तास, एका माणसाचे 48. चोवीस तास एक जागा भरायला साडेतीन माणसं, सुट्या धरून चार. कूस बदलायला दोघं लागतात, म्हणजे आठ. दर दोन तासांनी म्हटलं तर 10 जणांची दिवसाला 120 वेळा कूस बदलायची. पाच-पाच मिनिटं धरली तरी दहा तास त्यातच जातात. माणसं कमी असली की पहाटे तीनची वेळ चुकते, अन् एकाच कुशीवर पडून माकडहाडावर जखम तिथूनच सुरू होते.

पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या. लाल डाग बोटानं दाबा, फिका पडला नाही तर जखम धरलीच. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. गरम किंवा कडक लागतं का, हात लावून पाहा.

इन्व्हर्टरवाला_आर्णी
एअर बेडवर, म्हणजे पंपानं हवा भरायच्या गादीवर, विसंबू नका. लाइन गेली की पंप बंद, हवा उतरते अन् माणूस थेट खाटेच्या फळीवर. खाली फोमची गादी ठेवाच, पंप इन्व्हर्टरवर घ्या. कूलर मे महिन्यात जीव वाचवतो, पण पाऊस लागल्यावर गादी दमट करतो, कातडी सोलते. तेव्हा फक्त पंखा.

हिशेब_पुसद
सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मान कार्डाचे 5 लाख दवाखान्यात भरती झाल्यावरच लागतात, राहण्या-खाण्याला नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500. बाकी घरच्यांकडून, अन् घरी पैसा कापूस विकल्यावर येतो. दर महिन्याची फी जून ते ऑक्टोबर अडकणारच. दिवाळीनंतर मोठा हप्ता घ्या, चार महिन्यांचे पगार बँकेत वेगळे ठेवा. अन् खाटा चार असोत की दहा, रात्री दोघं लागतातच, त्यामुळे चारचं केंद्र माणशी जास्त महाग पडतं.

दारव्हा_शेतकरी
रात्रीसाठी आशाताईंना विचारावं का?

सिस्टर_वर्धा
नका. त्यांच्यावर आधीच गावभराचं काम आहे. गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुली घ्या, जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाची देखभाल शिकवणारा, कोर्स करवा. रात्री जोडीनंच ठेवा, आणि येण्या-जाण्याची गाडी तुमची.