फ्लॅग फुटबॉल : मागच्या फळीला पास अडवायला कसे शिकवावे?

प्रश्न : पेठेतला पीटी सर

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो. तालमीच्या संघातून बरीच वर्षे फुटबॉल खेळलो, तोही बचावफळीत, त्यामुळे बचाव म्हणजे काय हे आपल्याला कळते असा माझा समज होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेट आणि स्क्वॉशबरोबर फ्लॅग फुटबॉलचाही (अमेरिकन फुटबॉलचा प्रकार, ज्यात अंगाला न भिडता कमरेची पट्टी ओढून अडवतात) समावेश झाला, तेव्हापासून आमच्या काही मुलांनी या खेळाचा ध्यास घेतला आहे. गेल्या वर्षापासून आम्ही पाच विरुद्ध पाच असा सराव करतो.

चेंडू आपल्याकडे असताना मुले बरी खेळतात, बचावात मात्र दाणादाण उडते. आमची पद्धत अशी आहे की एक जण चेंडू ठेवलेल्या रेषेपासून सात यार्डांवरून क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्यावर, धावून जातो आणि उरलेले चौघे समोरच्या चौघांना एकास एक धरतात. प्रत्येक सामन्यात दोन-तीनदा तरी चेंडू शेवटच्या मुलाच्या डोक्यावरून जातो, आणि हा बिचारा वळेपर्यंत समोरचा गोलरेषेपलीकडे पोहोचलेला असतो. समोरच्या दोघांनी एकमेकांना छेदून धाव घेतली की आमचेच दोघे एकमेकांवर आदळतात. म्हणून महिनाभर झोन लावून पाहिला, तर प्रत्येक जण नेमून दिलेल्या चौकोनात पहारेकऱ्यासारखा उभा राहिला आणि मधल्या फटीत येऊन समोरच्यांनी निवांत पास घेतले.

एकास एक शिकवावे की झोन? आणि मुलांची नजर चेंडूवरून हटवायची कशी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना सेफ्टी, गोकुळ शिरगाव

सर, मी शिक्षणासाठी अमेरिकेत असताना हौशी संघातून तीन हंगाम सेफ्टीच्या, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूच्या, जागेवर खेळलो आणि पहिल्या हंगामात नेमक्या याच चुका केल्या, कारण माझेही पाय कोल्हापूरच्याच मैदानावर घडलेले होते.

आपल्या फुटबॉलमध्ये बचावफळीच्या पाठीशी एक न दिसणारा खेळाडू उभा असतो आणि तो म्हणजे ऑफसाइडचा नियम. समोरचा फॉरवर्ड मागे सटकू लागला की आपण एक पाऊल पुढे सरकतो, लाइन वर घेतो आणि हात उंचावतो. हे इतके अंगवळणी पडलेले असते की मुले विचार न करता पुढे येतात. इथे पास घेणारा, म्हणजे रिसीव्हर, चेंडू सुटण्याच्या कितीतरी आधी तुमच्या मागे जाऊन उभा राहिला तरी कोणी झेंडा वर करत नाही. म्हणून तुमच्या मुलांना डावपेच शिकवण्याआधी ही एक सवय मोडा. सर्वांत मागे असलेल्या मुलाच्या मागे कोणालाही जाऊ द्यायचे नाही. त्याच्या पुढ्यात पास पकडला गेला तर त्याला रागावायचे नाही, डोक्यावरून गेला तर मात्र रागवायचे.

आता थोडे गणित करू. हल्ला करणाऱ्या पाच जणांपैकी एक फेकणारा, आणि उरलेले चौघे, सुरुवातीला चेंडू मागे देणाऱ्या सेंटरसह, पास घेऊ शकतात. तुम्ही एकाला क्वार्टरबॅकवर सोडता आणि चौघांना चौघे लावता, म्हणजे मागे राखायला उरतो शून्य. अमेरिकेत या रचनेला कव्हर झिरो असेच म्हणतात. कव्हरपुढचा आकडा मागे खोलवर किती जण ठेवले आहेत ते सांगतो. ही रचना तिकडचे अनुभवी संघही जपून वापरतात, आणि तुम्ही ती शिकाऊ मुलांकडून प्रत्येक चेंडूला करून घेत आहात. क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याला थांबवून मागे ठेवलेत तर चौघांना चौघे आणि मागे एक मोकळा सेफ्टी मिळतो, पण मग फेकणाऱ्याला हवा तितका वेळ मिळतो, आणि भरपूर वेळ मिळालेल्या रिसीव्हरला कोणीही कायम धरून ठेवू शकत नाही.

म्हणून माझा सल्ला झोनचा आहे, आणि त्यातही कव्हर टूचा. एक जण धावून जाईल, दोघे पुढे, दोघे मागे. मैदानाची रुंदी २५ यार्ड, म्हणजे जेमतेम २३ मीटर असते, तेव्हा मागच्या प्रत्येकाच्या वाट्याला साडेअकरा मीटर येतात. चपळ मुलाला तेवढे झेपते. या रचनेच्या दोन कमजोर जागा मुलांना आधीच दाखवून ठेवा. एक, मागच्या दोघांच्या बरोबर मधली फट. आणि दुसरी, बाजूच्या रेषेलगत पुढच्याच्या मागे आणि मागच्याच्या पुढे सुटणारा कोपरा. फक्कीने त्या दोन जागा मैदानावर आखा, म्हणजे मुलांना कळेल की समोरचा धावत कुठे निघाला आहे.

तुमची मुले चौकोनात पहारा देत उभी राहतात, कारण त्यांना जागा राखायला सांगितली गेली आहे. झोनमध्येही शेवटी माणूसच राखायचा असतो, फक्त कोणता माणूस ते तो आपल्या हद्दीत शिरल्यावर ठरते. हद्द रिकामी असेल तर तिथे थांबून कोणाचे भले होणार? शेजारच्या हद्दीत दोघे शिरले असतील तर तिकडे सरकायचे.

नजरेबद्दल सांगतो. एकास एक खेळताना रिसीव्हरच्या कमरेकडे पाहायचे. डोके, खांदे आणि हात हूल देतात, कंबर देत नाही; शिवाय ओढायच्या पट्ट्याही तिथेच लटकत असतात, त्यामुळे एका नजरेत दोन कामे होतात. चेंडू कधी शोधायचा? रिसीव्हरचे हात वर येतात तेव्हा, त्याआधी नाही. झोनमध्ये उलट, नजर क्वार्टरबॅकच्या खांद्यावर ठेवायची, कारण खांदा ज्या दिशेला वळतो त्या दिशेला चेंडू जाण्याचा संभव अधिक. यासाठी एक सोपा सराव आहे. तुम्ही चेंडू घेऊन मधोमध उभे राहा, चौघांना त्यांच्या जागी उभे करा आणि चेंडू न फेकता फक्त खांदा फिरवत राहा. खांदा डावीकडे वळला की चौघेही एका दोरीने बांधल्यासारखे तिकडे सरकले पाहिजेत. दहा मिनिटांत मुले कंटाळतील, तरी सोडू नका.

शेवटची सूचना मोबाईलवरच्या व्हिडिओंबद्दल. मुले अमेरिकन व्यावसायिक लीगमधले कॉर्नर, म्हणजे कडेचे बचावपटू, पाहतात, जे रिसीव्हरला सुरुवातीलाच छातीवर हात मारून अडवतात. तिथेसुद्धा १९७८ पासून पहिल्या पाच यार्डांपलीकडे असा धक्का चालत नाही, आणि फ्लॅगमध्ये तर अंगाला अंग लावणेच मना आहे. हे व्हिडिओ पाहून आलेला मुलगा पहिल्याच चेंडूला दंड ओढवून घेतो.

उत्तर : उजवा कोपरा

मी कबड्डीचा प्रशिक्षक आहे. फ्लॅग फुटबॉल फक्त भाच्यामुळे पाहतो, तेव्हा डावपेचांत शिरत नाही. पायांबद्दल मात्र बोलतो.

सर, उलटे धावणे तुम्ही नव्याने शिकवायला जाऊ नका. तुमच्या गटात कुस्तीच्या आखाड्यात उतरलेला एखादा मुलगा असेलच. त्याला पुढे उभा करून पैतरा दाखवायला सांगा. गुडघे वाकलेले, वजन चवड्यावर, टाच जमिनीला जेमतेम टेकलेली, आणि सरकताना एक पाय दुसऱ्याला ओलांडत नाही. मागच्या फळीलाही हेच हवे असते. त्यात भर एवढीच की समोरचा दोन हातांच्या अंतरावर आला की उलटे धावणे सोडून कंबर वळवायची आणि त्याच्याबरोबर सरळ पळत सुटायचे. उलटा धावणारा सरळ धावणाऱ्याला कधीच पुरा पडत नाही. हा वळण्याचा क्षण मुले लांबवतात, आणि तुमचे डोक्यावरून जाणारे पास मला वाटते तिथेच होत असावेत.

दुसरे, पट्टी ओढण्याबद्दल. कबड्डी खेळलेला मुलगा चढाईपटूवर झेपावतो तसा इथे झेपावला तर पट्टी हुकते आणि धक्क्याचा दंड वेगळा बसतो. पण कबड्डीतली एक गोष्ट इथे जशीच्या तशी चालते. चढाई करणाऱ्याला आपण मध्यभागी मोकळा सोडत नाही, साखळीने त्याला कोपऱ्याकडे रेटतो. तसेच चेंडू घेतलेल्याला आतल्या बाजूने गाठून बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यावे, अर्थात हात न लावता. शेवटच्या तीन पावलांत वेग कमी करून छोटी पावले टाकावीत आणि मगच हात घालावा.

उत्तर : करवीरची खेळाडू

वरची दोन्ही उत्तरे वाचली. पायांबद्दल दादांनी लिहिले आहे त्यात मला काही भर घालायची नाही. कव्हर टूच्या सल्ल्याशी मात्र मी अर्धीच सहमत आहे, आणि त्याचे कारण या खेळाच्या मोजमापात आहे.

पाच विरुद्ध पाचमध्ये चेंडू स्वतःच्या पाच यार्डांच्या रेषेवरून सुरू होतो आणि चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडावी लागते. मध्यरेषा २५ यार्डांवर, म्हणजे चार प्रयत्नांत २० यार्ड, प्रत्येक प्रयत्नाला पाच. आता "पुढ्यात पास पकडला गेला तर चालेल" हे वाक्य या हिशेबात बसवून पाहा. पुढ्यातला पाच-सहा यार्डांचा पास दर वेळी सोडलात तर समोरचा संघ तुमच्या डोक्यावरून एकही चेंडू न टाकता आरामात मध्यरेषा ओलांडतो, आणि तिथे त्याला पुन्हा चार प्रयत्न मिळतात. आमच्या मुलींच्या संघाने गेल्या हंगामात हेच भोगले. आम्ही लांब पास एकही दिला नाही आणि तरी सामने हरलो, याचे समाधान मानायचे की दुःख, हे आम्हाला बराच काळ ठरवता आले नाही.

त्यामुळे एकच रचना सगळीकडे लावू नये असे माझे मत आहे. पहिल्या दोन प्रयत्नांना आम्ही कव्हर टू लावतो, पण पुढच्या दोघींना चेंडू ठेवलेल्या रेषेपासून पाच यार्डांवर नव्हे, तर जिथे पास पकडला जाण्याची शक्यता आहे त्या सहा-सात यार्डांवर उभे करतो. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला किती यार्ड हवे आहेत ते पाहून ठरवतो. गोलरेषेजवळ मात्र एकास एक खेळतो आणि तिथे ते निर्धोक आहे, कारण गोलरेषेमागचा पट्टा फक्त दहा यार्ड खोल असतो आणि त्यापलीकडची रेषाच आपली सेफ्टी होते. शिवाय गोलरेषेच्या आधीच्या पाच यार्डांत समोरच्यांना चेंडू घेऊन धावता येत नाही, पासच करावा लागतो, त्यामुळे काय येणार याचा अंदाज बांधावा लागत नाही. अशा वेळी आपण रिसीव्हरच्या आतल्या बाजूला उभे राहावे, म्हणजे त्याच्यासाठी फक्त बाहेरची बाजू उरते आणि तिथे रेषा आहे.

दोघे एकमेकांवर आदळतात त्याबद्दल : हा दोष पायांचा नाही, तोंडाचा आहे. आमच्याकडे दोनच शब्द ठरलेले आहेत, "दिली" आणि "घेतली". समोरच्या दोघी एकमेकींना छेदू लागल्या की जिची रिसीव्हर दूर जाते आहे ती "दिली" ओरडते, आणि समोरून "घेतली" असे उत्तर येईपर्यंत आपली रिसीव्हर सोडत नाही. उत्तर आले नाही तर सोडायचेच नाही. शब्द लहान हवेत आणि आपल्याच बोलीतले हवेत. "स्विच" शिकवून पाहिला होता, घाईत तो कोणाच्याही तोंडातून वेळेवर निघेना.

आणि पावसाळ्यात, मैदान निसरडे असताना, मागच्या दोघींना एरवीपेक्षा दोन-तीन यार्ड जास्त मागे उभे करा. वळताना पाय घसरला की पुढचे सगळे डावपेच फुकट जातात.

पीटी सर

आपल्या तिघांचेही मनापासून आभार. रविवारी सकाळी फक्कीने रेषा आखून खांद्याचा सराव घेतला. मुले सातव्या मिनिटालाच कंटाळली, पण मी सोडले नाही. नंतरच्या सराव सामन्यात डोक्यावरून एकच चेंडू गेला, आणि तोही ज्या मुलाच्या डोक्यावरून गेला त्याने आधी दोन पावले पुढे टाकली होती. खेळ थांबल्यावर त्याने स्वतःच, "सर, ऑफसाइड वाटला," असे सांगितले, तेव्हा जुन्या सेफ्टींचे म्हणणे मला अक्षरशः डोळ्यांसमोर दिसले.

"दिली-घेतली" ताबडतोब रुजले. कुस्तीवाल्या मुलाचा पैतराही सगळ्यांनी उचलला, इतका की एकाने रिसीव्हरच्या मानेवर पकड घेतली आणि त्याला बाहेर बसवावे लागले.

नवी अडचण अशी आहे की समोरच्या संघाचा सेंटर चेंडू मागे दिल्यावर दोन क्षण तसाच थांबतो आणि मग हळूच चार पावले पुढे येऊन मधोमध पास घेतो. कव्हर टूमध्ये पुढचे दोघे बाजूंना असतात, त्यामुळे तो कोणाचाच नसतो. ताईंच्या हिशेबाप्रमाणे तेच पाच यार्ड मला दर वेळी महाग पडत आहेत. त्याला कोणी धरावे?

जुना सेफ्टी, गोकुळ शिरगाव

ताईंचा हिशेब बरोबर आहे. मी अकरा जणांच्या मोठ्या मैदानाच्या सवयीने लिहिले आणि २० यार्डांचे गणित माझ्या लक्षात राहिले नाही.

सेंटरसाठी पुढच्या दोघांपैकी ज्याच्या बाजूला एकच रिसीव्हर आहे त्याला आत सरकवा. त्याच्या बाजूचा रिसीव्हर खोल धावला तर तो मागच्याचा होतो, आणि पुढचा मोकळा झालेला मुलगा सेंटरवर जातो. रिसीव्हर खोल न जाता रेषेलगत थांबला, तर मात्र त्याला तिथेच राहावे लागेल. अशा वेळी धावून जाणाऱ्याला एखाद्या प्रयत्नापुरते पाठवू नका. त्याला सात यार्डांवरच उभा ठेवा आणि मधोमध सेंटरची वाट पाहू द्या. एकदा जरी तिथे चेंडू अडवला गेला, तरी पुढच्या वेळी क्वार्टरबॅक मधल्या जागेकडे फेकताना क्षणभर थबकेल, आणि मग धावून जाणाऱ्याला पुन्हा सोडता येईल.