थर्मोस्टॅट काढून टाकू नका

तुमच्या गाडीचा तापमानाचा काटा घाटात दुसऱ्या गिअरला लालकडे, पण हायवेवर ऐंशीच्या वेगात नॉर्मल, असं तुम्ही म्हणताय, आणि वर कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकायला सांगितलंय. मग नवीन रेडिएटरची घाई नको. वेगात वारा फुकट मिळतो, घाटात सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा आणि पंखा हाताने फिरवा (जपून!). विस्कस क्लच (तापल्यावर पंख्याला इंजिनशी घट्ट जोडणारा, आत घट्ट तेल असलेला भाग) असेल तर पंखा जड लागायला हवा. गरगर फिरला तर क्लच गेला. गाडी फक्त वेगातच तापत असती, तर आतून चोंदलेल्या रेडिएटरवर माझा पहिला संशय गेला असता.

माझ्या जुन्या डिझेल जीपमध्ये एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधे चिखल आणि गवताचं बी ठासून बसलं होतं. समोरून काही दिसत नाही. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारायचं, तेही बेताच्या जोराने, नाहीतर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

थर्मोस्टॅट काढून टाका, हा सल्ला मात्र अजिबात पटला नाही. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, उघडायला लागला तर ठीक.

आणि हो, सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) टणक होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) बघा.