'जॅक स्टँड'ला घोडी म्हणावं की टेकू?

सांगली : कुपवाड एमआयडीसीतल्या एका ट्रक गॅरेजला मराठी फलक लिहून देतोय. गाडीखाली शिरायच्या आधी जॅक स्टँड (जॅकनं उचललेली गाडी ज्यावर टेकवतात तो लोखंडी आधार) लावा, एवढंच सांगायचंय. मिस्त्री त्याला घोडी म्हणतात. मालक म्हणतात, फलकावर घोडी बरी दिसत नाही, टेकू लिहा. शिवाय 'रेटेड लोड'ला, म्हणजे स्टँड किती वजन पेलेल त्या आकड्याला, क्षमता लिहू की भार?

कराड : घोडीच. रंगाऱ्याची घोडी असते, सुताराची असते, मग गॅरेजची का नको? गॅरेजातलं पोरगं दिवसभर "दोन घोड्या आण" हेच ऐकतं. टेकू म्हटलं की मला कललेल्या भिंतीचा वासा दिसतो. टेकू काय, सरकारलाही असतो आणि कधीही निघतो.

विटा : आमच्याकडं बैल सोडले की गाडी ज्या लाकडावर टेकवायची त्याला शिपाई म्हणत, काही म्हातारी माणसं शिपाया. फारसीत सेह म्हणजे तीन, पाया म्हणजे पाय; सेहपाया म्हणजे तिवई. मला तरी शब्द तिथूनच आलेला वाटतो, पहाऱ्यावरच्या शिपायाशी त्याचं नातं नसावं. फलकावर मात्र नको, पोरगं ऑफिसातल्या शिपायाला बोलवायला जाईल.

मिरज : नाम राहू द्या, क्रियापद बघा. जॅक उचलतो, घोडी पेलते. जॅकचा सील गेला की तेल मागं सरतं आणि गाडी खाली बसते, बसताना कळतही नाही. शिकाऊ होतो तेव्हा नुसत्या जॅकवरच्या टेम्पोखाली शिरलो होतो. मिस्त्रींनी पाय धरून ओढून काढलं. म्हणाले, "जॅक लावून नोकरी मिळती, जीव न्हाई."

सांगली : पेलणे घेतो. क्षमता की भार?

कराड : भार गाडीचा, क्षमता घोडीची. घोळ होतो तो 'इतक्या टनाची गाडी' म्हणताना. कुणी नुसता माल सांगतं, कुणी मालासकट आख्खं वजन. २०१८ पासून दोन एक्सलच्या ट्रकला एकूण १८.५ टन चालतात, आधी १६.२ होते. त्यातले पुढच्या एक्सलवर ७, मागच्या चार टायरांवर ११.५. मागची बाजू दोन घोड्यांवर घेतली तर एकीच्या वाट्याला पावणेसहा टन. ५ टनी घोड्या तिथं कमीच पडणार. माल उतरवूनच काम करा, पण घोडी घेताना भरल्या गाडीचा आकडा धरा. उसाच्या हंगामात तर काटा काय दाखवेल सांगता येत नाही.

मिरज : 'टन' पण एक नाही हो. आपला १००० किलोचा, अमेरिकेचा २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. त्या मापाची ६ टनी घोडी ५४४३ किलोच पेलते, वरच्या पावणेसहाला तीनशे किलो कमी. आणि घोडीवरच्या पट्टीतला आकडा एका घोडीचा की जोडीचा, ते दुकानात आधी विचारा. जोडीचा निघाला तर निम्मा झाला.

विटा : घोडीऐवजी विटा रचणाऱ्यांसाठीही एक ओळ टाका. वीट भाराखाली फुटते. विटेवर उभं राहायचं ते विठोबानं. (गावाचं नाव विटा असूनही सांगतोय.)

सांगली : फलक असा झाला : "जॅकने उचला, घोडीवर पेला. चाकांना दगड लावा, जमीन पक्की बघा, विटा रचू नका. एका घोडीची क्षमता वाचा, जोडीची नव्हे." मालकांना पटलं. आता पेंटर विचारतोय, कोपऱ्यात घोडीचं चित्र काढू का, शेपटीसकट.