पहिल्या कादंबरीला नुसतं ‘संयत’ म्हणून सोडून द्यायचं का?

कातळसडा

देवगडची पार्श्वभूमी असलेली ती प्रेमविवाहाची कादंबरी एव्हाना बहुतेकांची वाचून झाली असेल. नाव मुद्दाम लिहीत नाही. बोलायचंय ते पुस्तकापेक्षा त्याच्या कौतुकाबद्दल, आणि ज्यांनी वाचलीय ते दोन ओळींत ओळखतील. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: तो देवगडचा बागायतदार, ती रत्नागिरीत वाढलेली, बँकेत नोकरीला. घरच्यांचा विरोध, तरी लग्न, आणि पुढची अकरा वर्षं तीन भागांत. कुणी मरत नाही, कुणाचं बाहेर काही नाही. दोघांतलं बोलणं मात्र आटत जातं. लेखिकेचं पहिलंच पुस्तक.

कादंबरी चांगली आहे. माझी तक्रार परीक्षणांबद्दल आहे. जेवढी वाचली त्यांत ‘संयत’, ‘तरल’, ‘प्रगल्भ’ आणि शेवटी ‘ही पहिली कादंबरी वाटतच नाही’. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटवा, चिकटतात. संयत म्हणजे नेमकं कुठे? एका तरी प्रसंगावर बोट ठेवा की.

मी ठेवतो. दुसऱ्या भागातला पेटी भरायचा प्रसंग. एप्रिल, पडवीत गवतावर आंबे मांडलेले, ती पहिल्यांदाच हाताखाली बसलीय. एका फळाचा देठ तिच्या हातून मोडतो. तो एवढंच म्हणतो, ‘‘देठ.’’ पुढे काही नाही. देठ बोटाच्या पेराएवढा ठेवतात, कारण तो मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि आंबा पिकताना तिथे काळा डाग धरतो. आतला गर उत्तम असतो, पण फळ पेटीत जात नाही. लेखिका यातलं काहीच समजावत नाही. आठ पानांनंतर तो स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डागाळलेला आंबा खातो आणि ती बघते. बस. दोघंही देठाबद्दल बोलत नाहीत. याला संयत म्हणा, माझी ना नाही. पण हा प्रसंग एकाही परीक्षणात नाही.

माडाचीवाट

साफ असहमत. परीक्षण कशासाठी असतं ते आधी ठरवू. पुरवणीत जागा मिळते पाचशे-सहाशे शब्दांची. त्यातले दोनशे कथानकाला, पन्नास मुखपृष्ठ, प्रकाशक आणि किमतीला. उरलेल्यात माणूस विशेषणंच वापरणार. देठ आणि चीक समजावायलाच दीडशे शब्द गेले असते, तुमचे गेलेच की!

आणि हिशेब बघा. नव्या लेखकाची पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची निघाली तरी प्रकाशक हात जोडतो. किंमत तीनशे धरा, मानधन दहा टक्के धरा, म्हणजे प्रतीमागे तीस रुपये. सगळी आवृत्ती संपली तर पंधरा हजार, तेही दोन-तीन वर्षांत विभागून. एवढ्यावर कोणी दुसरी कादंबरी लिहायला बसत असेल तर चार विशेषणांचं कौतुक जास्त झालं म्हणून तक्रार कशाला? पहिल्या मोहरावर टीकेचं औषध जास्त फवारलं की तोच जळतो.

पेटीबंद

मोहराचा विषय निघालाच आहे तर सांगतो. देठाचा प्रसंग अचूक आहे, त्यावर वाद नाही. पण त्याच भागात मोठी चूक आहे आणि तीही कुणी लिहिलेली नाही. नायक बायकोला न सांगता कर्ज काढून बागेला कल्टार, म्हणजे मोहर लवकर आणणारं औषध, घालतो. कधी? डिसेंबरात. आणि फेब्रुवारीत तिला कळतं.

कल्टार डिसेंबरात घालत नाहीत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घालतात, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती रिंगणात खड्डे पाडून. जमिनीत ओल असेल तरच मुळं ते ओढून घेतात. पालवीची वाढ थांबते आणि मोहर लवकर येतो. सगळा खटाटोप त्यासाठीच, हंगामाच्या सुरुवातीची पेटी वाशीला चढ्या भावात जावी म्हणून. डिसेंबरात जमीन सुकलेली, मोहर कुठे कुठे फुटायला लागलेला, तेव्हा घालून काय उपयोग?

महिना चुकला म्हणून मी चिडलेलो नाही. लेखिकेने ऑगस्ट लिहिला असता तर नवऱ्याचं गुपित दोन महिन्यांऐवजी सहा महिने त्या घरात राहिलं असतं. गणपती, दसरा, दिवाळी, सगळं त्या गुपितासकट. भाद्रपदात माहेरची माणसं येतात तो प्रसंग पुस्तकात आहे, आणि फुकट गेलाय. तिथे वाचकाला माहीत आणि तिला माहीत नाही, असं करता आलं असतं.

माडाचीवाट

@पेटीबंद, कादंबरी म्हणजे कृषी विभागाचं पत्रक नव्हे हो! मुंबई-पुण्याच्या वाचकाला डिसेंबर काय नि ऑगस्ट काय.

पेटीबंद

मुंबई-पुण्याच्या वाचकाला कळत नाही म्हणून चालतं, हेच मूळ दुखणं आहे. कोकणावर लिहिलेलं कोकणात तपासलं जात नाही. समुद्र, माड, लाल माती आली की ‘अस्सल कोकण’ लिहून मोकळे.

सुरंगी

मला तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळीच अडचण आहे. इथेही आतापर्यंत चर्चा त्याच्या कामाचीच झाली, बघा. देठ त्याचा, कल्टार त्याचं, पेटी त्याची. ती अकरा वर्षं बँकेत जाते आणि बँकेच्या आतला एक प्रसंग नाही. ‘ती कामावरून दमून आली’ हे वाक्य मात्र पुन्हा पुन्हा. कसली दमली? काउंटरवर बसून दमली की पीककर्जाच्या फायली काढून?

बँकेत रोकड ठेवायची तिजोरी एका चावीने उघडत नाही. दोन चाव्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे, एक कॅशियरकडे आणि एक अधिकाऱ्याकडे. सकाळी दोघं समोर असल्याशिवाय पैसा बाहेर येत नाही, संध्याकाळी दोघांनी मिळून बंद करायची. एकाला रजा हवी तर चावी रीतसर सही करून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते. लग्नावर कादंबरी लिहिताना ही गोष्ट हाताशी असून वापरली नाही? रोज सकाळी एका परक्या माणसाबरोबर न चुकता दोन चाव्या लावणारी बाई, आणि तिच्या घरात नवरा एकट्याने कर्ज काढतो.

आणखी एक. ३१ मार्च. बँकेत वर्षअखेर, बागेत उतरणीची घाई. दोघंही सगळ्यात जास्त दमलेले असतात ते त्याच पंधरवड्यात, दर वर्षी. लेखिका अकरा वर्षांचे अकरा मार्च लिहिते आणि अकराही वेळा बाग दाखवते. याला परीक्षणवाले ‘स्त्रीच्या नजरेतून लग्न’ म्हणतात! नजर तिची असेल, बघते मात्र ती त्याच्याकडेच.

तिठा

सुरंगीताई, +१.

पहिल्या भागातलं एक राहिलं. दोघं ‘कोर्ट मॅरेज’ करतात, अर्ज दिल्यापासून चार दिवसांत. विशेष विवाह कायदा १९५४ खाली ते होत नाही. आधी नोटीस द्यावी लागते आणि ती तीस दिवस कार्यालयात लावलेली असते, कुणीही वाचू शकतं. घरच्यांचा विरोध हाच पहिल्या भागाचा ताण आहे ना? मग ते तीस दिवस कुठे गेले?

कातळसडा

@तिठा, इथे मी लेखिकेच्या बाजूने. नीट वाचा, आधी देवळात हार घातलेत, भटजी आहेत, मग नोंदणी. झालेल्या हिंदू लग्नाची नोंदणी वेगळी, तिला तीस दिवसांची नोटीस लागत नाही. ‘कोर्ट मॅरेज’ हा शब्द सासूच्या तोंडी आहे आणि गावात दोन्हीला तेच म्हणतात. ती चूक नाही, तो सासूचा टोमणा आहे.

तिठा

मान्य. पान पुन्हा उघडून बघितलं. हार आहेत.

खाडीपल्याड

या पुस्तकातली सर्वांत मोठी करामत इथेही कुणी काढलेली नाही, म्हणून लिहितो.

नवरा आईशी मालवणीत बोलतो. बायकोशी पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठीत, ‘तुला’, ‘तुझं’. ती रत्नागिरी शहरातली, तिच्या माहेरी माका-तुका नाही, म्हणून हे अगदी बरोबर आहे. प्रेमात असताना तो तिच्यासाठी भाषा बदलतो, आणि तीच आपल्या दोघांची भाषा असं ती धरून चालते. मग दुसऱ्या भागाच्या शेवटी, कर्जाचं कळल्यावरच्या भांडणात, तो म्हणतो, ‘‘तुका काय कळता?’’

अख्ख्या पुस्तकात तो तिला ‘तुका’ म्हणतो ते पहिल्यांदा. याचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही टिकतात. एक, राग आला तशी पांघरलेली भाषा गळून पडली. दुसरा, इतकी वर्षं तिला पाहुण्यासारखं वागवलं आणि आज भांडताना पहिल्यांदा घरातली धरलं. ती उत्तर देत नाही. तिसऱ्या भागात मात्र एकदाच, सासूच्या औषधाच्या वेळेवरून, तीच त्याला म्हणते, ‘‘तुका माहीत नाय?’’ आणि त्याला हसू येतं. त्या दोघांतलं हे पुस्तकातलं शेवटचं हसू.

परीक्षणात काय आलं? ‘बोलीचा गोड वापर’. गोड! ज्या शब्दावर ते लग्न मोडायला आलं तो गोड.

सुरंगी

हे मला दिसलं नव्हतं. ‘तुका’वर मी मागे घेते. बँकेवर नाही.

माडाचीवाट

खाडीपल्याड, तुम्ही हे लिहिलंत तेच परीक्षण म्हणून छापायला हवं होतं, हे कबूल. तरी माझा मुद्दा तसाच आहे. पहिल्या पुस्तकाला झुकतं माप द्यावं. मागे वळून बघा, श्री. ना. पेंडसे आपल्या दापोलीकडचे, पहिली कादंबरी ‘एल्गार’, १९४९. आज दहा वाचकांना विचारा, नाव निघतं ते १९५२ च्या ‘गारंबीचा बापू’चं. पहिलीवरच कुणी तराजू घेऊन बसलं असतं तर?

कातळसडा

उदाहरण उलट बाजूने चालवता येतं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९. पहिलीच, आणि पुढे त्यांनी कादंबरी लिहिलीच नाही. तिथे झुकतं माप देऊन कुठली पुढची कादंबरी वाचवणार होतात? आणि प्रेम-लग्नावर बायकांनी लिहिलेल्याचं म्हणाल तर १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा लेखिका विभावरी शिरूरकर या टोपणनावामागे होती आणि कौतुकापेक्षा गदारोळच मोठा झाला. लोक चिडले, कारण काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं होतं. ‘तरल’ म्हणणाऱ्याने वाचलंय याचा पुरावा काय?

‘पहिली वाटत नाही’ याचा तर मला रागच येतो. पहिली असायला काय हरकत आहे? ही पहिली आहे हे जागोजाग दिसतं. तिसऱ्या भागात चाळीस पानं नुसता पाऊस पडतो. संपादकाने वीस काढायला हवी होती.

पेटीबंद

पावसाची वीस काढा, पण त्याआधीचा साक्याचा प्रसंग कुणी काढू नका. पाहुण्यांसमोर तो आंबा कापतो, बाहेरून देखणा, आत साका. पांढुरका, फोफसा, आंबट. तो शरमतो, ती दुसरा आणायला उठते.

सुरंगी

ते मला घासलेलं वाटलं. बाहेरून चांगलं, आतून खराब. लग्नाला दिलेली ही उपमा कुणालाही सुचेल.

पेटीबंद

नुसतं तेवढंच असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण साका का होतो ते बघा. कीड नाही, बुरशी नाही. फळ झाडावर गरजेपेक्षा जास्त राहिलं, खालून तापलेल्या कातळाची झळ लागली की होतो. म्हणून सोळा आण्यांपैकी चौदा आणे तयार झाल्यावर उतरवतात, पूर्ण पिकायची वाट बघत नाहीत. कापेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. पुस्तकात त्याच्या चार पानं आधी गडी विचारतो, ‘‘उतरवूया काय?’’ आणि नायक म्हणतो, ‘‘ऱ्हवांदे अजून आठ दिवस.’’ भाव वाढेल म्हणून. आंबा वाईट नव्हता, थांबणारा चुकला. आता लग्नाला लावून बघा, दोष कुणाचा आणि कधीचा ते दिसतं.

सुरंगी

गड्याचं वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. पण मग सांगा, ज्याला आंबा माहीत नाही त्याला हे पोचणार कसं? लेखिकेने एक ओळ टाकायला नको होती?

खाडीपल्याड

नको. ती ओळ टाकली असती तर उपमा झाली असती. आता तो फक्त कापलेला आंबा आहे. ती ओळ परीक्षण करणाऱ्याने लिहायची, त्याचं कामच ते.

माडाचीवाट

पाचशे शब्दांत?

खाडीपल्याड

कथानकाचे दोनशे कापा. ‘मग ती त्याला सोडते का’ हे वाचक बघून घेईल.

तिठा

लेखिकेच्या ओळखीचं कुणी इथे असेल तर निरोप द्या. दुसरी आवृत्ती निघालीच तर डिसेंबरचा ऑगस्ट करा, आणि मुद्रितशोधकाला आधीच बजावून ठेवा की ‘तुका’चं ‘तुला’ करायचं नाही. पहिल्या आवृत्तीत पान १९२ वर एका ठिकाणी सासूच्याच बोलण्यात केलंय.