प्रति: व्हॅक + ऑक्सिजन चेंबर

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की व्हॅक (जखमेवर बंद पट्टी लावून मशीनने आतला स्राव ओढून घेणं) आणि ऑक्सिजन चेंबर (बंद पेटीत जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणं) जोडीने केलं की मधुमेहाची जखम भरतेच. त्यातला 'च' काढा, मग पटेल. आमच्या काकांच्या अंगठ्याखाली तळव्याला जखम होती. ३ आठवडे व्हॅक लावलं, आणि मशीन खांद्याला अडकवून काका रोज दूध आणायला चालत! पाय बधिर, दुखणार काय? जखम लाल झाली, पण चालताना भार तिच्यावरच पडायचा, म्हणून कडेचं पांढरं जाड कातडं हटेना.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी पायाच्या बोटातला रक्तदाब मोजला. मधुमेहात धमन्यांत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, त्यामुळे घोट्यावरचं माप फसवं, चांगलं येऊ शकतं. रक्तपुरवठा ठीक निघाला, मग गुडघ्याखालपर्यंत अंगाबरोबर बसणारं प्लास्टर, म्हणजे जखमेवरचा भार कमी होतो; ते दर आठवड्याला बदलायचं. ८ आठवड्यांत जखम बंद. हे प्लास्टर काही नवं नाही, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना घालत, १९६०च्या दशकात ते अमेरिकेत घेऊन गेले. मात्र रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा आत पू असेल तर प्लास्टर नको. आधी अँजिओप्लास्टी, सफाई.