मदत हवी आहे: सर्व्हर बदलला आणि सगळं मराठी गेलं (तातडीचं)

पुस्तकी_किडा (शुक्रवार, रात्री ८:४०)
आमच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर हलवलं. सगळं नीट झालं, लॉगिन होतंय, पण पुस्तकांच्या नावांच्या जागी कचरा दिसतोय. इंग्रजी पुस्तकं बरोबर आहेत. जुन्या सर्व्हरवर इतकी वर्षं काही त्रास नव्हता. ग्रंथपालबाईंचे सकाळपासून पाच फोन झालेत आणि सोमवारी तपासणी आहे. एका ओळीत उपाय सांगा, इतिहास नको.

सर्व्हरकाका
जुनं काय होतं, नवं काय आहे? डेटाबेस कुठला, पीएचपी कितवं, डेटा कसा नेला?

पुस्तकी_किडा
नेहमीचंच हो काका. लिनक्स.

सर्व्हरकाका
बरं. मग उपायही नेहमीचाच, बंद करून चालू करा.

अक्षरजुळणी
हा शंभर टक्के फॉन्टचा घोळ आहे. आमच्याकडे श्रीलिपीतली (जुन्या मराठी फॉन्टांचं सॉफ्टवेअर) जुनी फाइल नव्या मशीनवर उघडली की हेच होतं. मंगल फॉन्ट टाका, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढा. बावीस वर्षं डीटीपी करतोय.

मध्यरात्रीची_शिफ्ट
फॉन्ट सोडा. किडा, कचरा म्हणजे नक्की कसला? प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन, की रोमन अक्षरांवर टोप्या? तिन्ही दुखणी वेगळी आहेत. चित्र टाकता येत नसेल तर दिसतं तसं शब्दांत लिहा.

पुस्तकी_किडा
रोमन लहान ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ. त्याच्यापुढे एक बारीक गोल, चारी कोपऱ्यांना पाय फुटलेला, अगदी ढेकणासारखा. मग काहीतरी एक. परत तोच ए, परत ढेकूण. मध्येमध्ये जपानी येनची खूण. पानभर हेच.

मध्यरात्रीची_शिफ्ट
ढेकूण दिसतोय ना, मग पेढे वाटा. डेटा शाबूत आहे.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची आजची पद्धत) तीन बाइटचं असतं. काना, मात्रा, हलन्तसुद्धा प्रत्येकी तीन. हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाइट लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत, एका अक्षराला एक बाइट) समजून वाचले की ई० म्हणजे तुमचा रेघवाला ए, ए४ म्हणजे ढेकूण आणि ए५ म्हणजे येन. म्हणजे बाइट बरोबर आहेत, वाचणारा चुकतोय. पण काकांनी विचारलेलं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पुस्तकी_किडा
जुनं: सेंटओएस ७, मारियाडीबी ५.५, पीएचपी ५.४. नवं: उबुंटू २२.०४, मायएसक्यूएल ८.०, पीएचपी ८.१. डंप (सगळा डेटा उतरवलेली फाइल) काढून चढवला. सॉफ्टवेअर २००९ मध्ये आमच्याच एका सभासदाच्या मुलाने लिहून दिलेलं, तो आता ऑस्ट्रेलियात असतो. जुनी डेटाबेस फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकली आहेत, म्हणून फाइंड-रिप्लेस करून मायएसक्यूएलआयची केली. होस्टिंगवाला म्हणाला सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपलाय, ते मशीन या महिन्यानंतर ठेवणार नाही. म्हणून घाई.

सर्व्हरकाका
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर माझा चहा गार झाला नसता.

२००९ मधल्या त्या मुलाने कनेक्शन उघडताना कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीत आहेत ते, सांगितलाच नाही. तेव्हा कुणीच सांगायचं नाही. सर्व्हरचा डीफॉल्ट लॅटिन-१, टेबलं लॅटिन-१, कनेक्शनही लॅटिन-१. ब्राउझरने यूटीएफ-८ बाइट पाठवले, डेटाबेसने ते लॅटिन समजून तसेच कोंबले आणि मागितल्यावर तसेच परत दिले. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. मायएसक्यूएल ८.० चा डीफॉल्ट यूटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण यूटीएफ-८. पीएचपीचं कनेक्शन आता सर्व्हरचं ऐकून यूटीएफ८एमबी४ झालं, टेबलं लॅटिन-१ च राहिली. मग सर्व्हर इमानदारीत लॅटिनचं यूटीएफ-८ करून देतोय. कुणी बिघडवलं नाही, एक चूक सुधारली म्हणून दुसरी उघडी पडली.

पोस्टग्रेस_भक्त
पोस्टग्रेस डेटाबेसवर असतात तर ही वेळच आली नसती. यूटीएफ-८ म्हणजे यूटीएफ-८, लाड नाहीत. आत्ता हलवताच आहात तर सरळ तिकडे जा.

मध्यरात्रीची_शिफ्ट
भक्त, माझ्याकडे सेंटओएस ७ वरून पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या मशीनवर ठेवली होती. जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांची क्रमवारी बदलली, मजकुराचे जुने इंडेक्स (शोधासाठी लावलेल्या सूची) त्या क्रमात बसेनात. युनिक रकान्यात एकच ईमेल दोनदा सापडला. रीइंडेक्स करत पहाट झाली. देव सगळ्यांचे सारखेच असतात.

पोस्टग्रेस_भक्त
तो दोष ऑपरेटिंग सिस्टीमचा. डंप काढून नेला असता तर इंडेक्स नव्याने बांधले गेले असते.

मध्यरात्रीची_शिफ्ट
किडाचंही तेच म्हणणं आहे की डंप काढून नेला.

जुगाड_नं_१
एवढी पोथी कशाला? कनेक्शन उघडलं की पुढच्याच ओळीत मायएसक्यूएलआय_सेट_कॅरसेट लिहा आणि त्याला लॅटिन१ द्या. दोन चुका परत जोडीने नांदतील. (इथे कमांड देवनागरीत लिहिलीय, टर्मिनलवर तशीच चिकटवू नका, एकाने चिकटवली होती.)

पुस्तकी_किडा (रात्री १०:२५)
झालं!!! सगळं दिसायला लागलं. जुगाडभाऊ, वाचनालयात आलात तर चहा माझ्याकडून. धागा बंद केला तरी चालेल.

सर्व्हरकाका
त्या ओळीवर अजून दहा वर्षं काढाल आणि पुढचा माणूस याच धाग्यावर येईल.

जुगाड_नं_१
काका, सोमवारी तपासणी आहे. घर पेटलंय आणि तुम्ही वायरिंग बदलायला सांगताय.

पुस्तकी_किडा (रात्री १०:५०)
एक छोटं राहिलं. बुधवारपासून नव्या सर्व्हरवर भरलेली पुस्तकं अजून बिघडलेलीच आहेत. तिथे ढेकूण नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं. याला कुठली ओळ?

मध्यरात्रीची_शिफ्ट
अहो थांबा! बुधवारपासून लोक भरतायत हे आत्ता सांगताय? भरणं आधी बंद करा. आणि त्यातल्या एका पुस्तकाच्या नावाचं हेक्स काढा. ई०ए४ ने सुरुवात असेल तर ठीक. ३एफ३एफ३एफ असेल तर वाईट.

पुस्तकी_किडा
३एफ३एफ३एफ३एफ३एफ२०३एफ३एफ३एफ.

मध्यरात्रीची_शिफ्ट
३एफ म्हणजे खरोखरीचं प्रश्नचिन्ह. २० ही मधली स्पेस, तेवढीच वाचली. ही नावं डेटाबेसमध्ये नाहीतच, कुठल्याच ओळीने परत येणार नाहीत.

पण मला एक कळत नाही. ८.० डीफॉल्टला स्ट्रिक्ट (चुकीचा डेटा नाकारणारा) असतो. लॅटिन रकान्यात मराठी घालायला गेलात की तो चुकीची स्ट्रिंग म्हणून एरर देतो, प्रश्नचिन्हं करून गिळत नाही. तुम्ही एसक्यूएल मोडला, म्हणजे हा कडकपणा ठरवणाऱ्या सेटिंगला, हात लावलाय?

पुस्तकी_किडा
हो, ते बुधवारी सकाळीच केलं. पुस्तक देताना एरर यायची, परत आल्याची तारीख शून्य-शून्य चालत नाही म्हणून. नेटवर एकाने लिहिलं होतं, एसक्यूएल मोड रिकामा करा, सगळे एरर जातात. तसे गेलेही.

सर्व्हरकाका
एरर गेले नाहीत, सांगणारा गेला.

जुगाड_नं_१
हा सल्ला माझा नव्हता, आधीच सांगतो.

पुस्तकी_किडा
किती पुस्तकं गेली ते बघतो. जुना सर्व्हर मंगळवारी रात्री बंद केलाय पण डिस्क आहे अजून.

कोकणची_कोहा
तुम्ही कोहा का वापरत नाही? मुक्त आहे, फुकट आहे, १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका छोट्या वाचनालयासाठीच लिहायला घेतलं होतं. आमचे बारा हजार ग्रंथ त्यात आहेत. बारकोडही निघतात. लेबलचा कागद कुठला घ्यायचा ते मी सांगू शकेन.

पुस्तकी_किडा (शनिवार, सकाळी ११:१५)
३७ पुस्तकं. सगळी नवीन खरेदीची, म्हणून दाखल रजिस्टरमध्ये बाईंनी हाताने लिहिलेली आहेत. दाखल क्रमांक आणि किंमत डेटाबेसमध्ये बरोबर आहे, नाव, लेखक, प्रकाशक गायब. बाई म्हणाल्या, "मी रजिस्टर बंद करू नका म्हणत होते तेव्हा हसत होतात." हसलो होतो.

आता कायमचं सरळ कसं करायचं ते सांगा. काकांचं ऐकतो.

मध्यरात्रीची_शिफ्ट
आधी आत्ताच्या डेटाबेसचा डंप काढून बाजूला ठेवा आणि हे सगळं त्याच्या नकलेवर करा, चालू डेटावर नाही.

सरळ टेबल कन्व्हर्ट करायला सांगू नका, तो ढेकणांचंच यूटीएफ-८ करून ठेवेल. मजकुराचा प्रत्येक रकाना आधी बायनरी करायचा, व्हारकॅरचा व्हारबायनरी, टेक्स्टचा ब्लॉब. म्हणजे हे अक्षर आहे हे तो विसरतो. मग त्याच रकान्याला सांगायचं, तू यूटीएफ८एमबी४. बाइट जागचे हलत नाहीत, फक्त पाटी बदलते. शेवटी कनेक्शनमधला लॅटिन१ काढून यूटीएफ८एमबी४ करा. हे त्याच दमात, नाहीतर परत ढेकूण.

शून्य तारखा मोड रिकामा आहे तोवरच नल (काहीच न भरलेल्या) करून घ्या, आणि कोडमध्येही नल घाला. मग मोड पूर्ववत. एकदा स्ट्रिक्ट झाला की त्या तारखा असलेलं टेबल तो बदलू देणार नाही.

पुस्तकी_किडा (शनिवार, दुपारी ४:०५)
दोन ठिकाणी अडलंय. एक, इंडेक्सची "की" फार लांब आहे, कमाल १००० बाइट म्हणतो. दोन, काही ओळींत चुकीची स्ट्रिंग.

सर्व्हरकाका
पहिलं सोपं. लेखकाचा रकाना २५५ चा असणार आणि टेबल मायआयसॅम या जुन्या साठवण-प्रकारातलं. यूटीएफ८एमबी४ मध्ये एका अक्षराला चार बाइट धरतात, २५५ चोक १०२०. मायआयसॅमची मर्यादा १०००. टेबल इनोडीबी करा, तिथे ३०७२ पर्यंत चालतं.

दुसरं, त्या ओळींतल्या नावांची लांबी बघा. सगळी बरोबर १०० बाइटची निघतील.

पुस्तकी_किडा
हो! १०० च. कसं कळलं?

सर्व्हरकाका
नावाचा रकाना १०० चा. लॅटिनच्या हिशोबात १०० अक्षरं, मराठीच्या हिशोबात साधारण ३३, आणि स्पेस एकाच बाइटची असल्याने शेवटी एक किंवा दोन बाइट अर्धवट उरतात. लांब नावं २००९ पासून शेपटी तुटून बसली आहेत. ते उरलेले बाइट निरर्थक, म्हणून ओरडतोय. रकाना बायनरी असतानाच शेवटचे ते एक-दोन अर्धवट बाइट छाटा आणि यूटीएफ८एमबी४ करताना २५५ चा करा. उरलेलं नाव पुस्तक हातात घेऊनच भरावं लागेल.

पुस्तकी_किडा
म्हणजे "…संपूर्ण वाङ्मय खंड" असं तुटलेलं दिसायचं ते यामुळे? आम्ही खंड क्रमांक पेन्सिलने कार्डावर लिहायचो.

वरणभात
विषय निघालाच आहे तर, ही यादी अकारविल्हे लावली की "काळ" हा "कावळा"च्या आधी का येतो? ळ तर ह च्या नंतर पाहिजे.

मध्यरात्रीची_शिफ्ट
युनिकोडमध्ये ळ ची जागा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये मराठीसाठी वेगळी क्रमवारी नाही. ळ, क्ष, ज्ञ शेवटी हवे असतील तर क्रमासाठी वेगळा रकाना ठेवावा लागतो.

अक्षरजुळणी
आमच्या फॉन्टात ळ बरोबर जागेवर होता.

पुस्तकी_किडा (रविवार, रात्री ९:३०)
झालं. शोधही चालतोय. बाई आणि मी सकाळपासून बसलो, त्या रजिस्टर वाचत होत्या, मी टाइप करत होतो. ३७ पूर्ण. तुटक्या नावांची ११२ निघाली, त्यातली वीस-बावीस झाली, बाकीची पुस्तकं सभासदांकडे आहेत. जुन्या सर्व्हरची डिस्क महिनाअखेरपर्यंत ठेवायला सांगितली.

एक शेवटचं. काही सभासदांचा क्रमांक टाकला की "सापडला नाही" म्हणतो, यादीत मात्र दिसतो. पूर्वी सापडायचा.

सर्व्हरकाका
क्रमांकाच्या शेवटी कुणाच्या हातून स्पेस पडलीय. जुन्या कोलेशनमध्ये (तुलनेच्या आणि क्रमाच्या नियमांत) तुलना करताना शेवटची स्पेस धरत नसत, ८.० च्या नव्या ०९०० वाल्यात धरतात. ट्रिम करून अपडेट करा. त्याने नाही गेलं तर नवा धागा काढा, आणि त्यात एसक्यूएल मोड पहिल्या ओळीत लिहा.