आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचं वायूचं कडं: नकाशात उणे खड्डे का पडतात?

धनुराशी:
आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाच्या खुल्या संग्रहातला डेटा घेऊन सॅजिटेरियस ए-स्टार या आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवराभोवतीच्या रेण्वीय कड्याचा एचसीएन (हायड्रोजन सायनाइड) नकाशा (८८.६३ गिगाहर्ट्झ) काढतोय. फक्त १२ मीटर डिशचा डेटा आहे. कड्याच्या बाजूने उणे खड्डे (तेजस्विता शून्याखाली) दिसतात आणि ऐन मध्यावरही. क्लीन (नकाशा स्वच्छ करण्याची गणनपद्धत) कितीही खोल नेलं तरी जात नाहीत. एचसीएनऐवजी सीओ (कार्बन मोनॉक्साइड) घेतला तर सुटेल का?

मिलीमीटर:
हे दोन वेगळे खड्डे आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

बाजूचे खड्डे खोटे आहेत. कड्याची आतली कड केंद्रापासून १.५ पारसेकवर, म्हणजे आकाशात ३८ आर्कसेकंदांवर; एवढा पसरट वायू लांब अंतरावरच्या डिशना दिसतच नाही. ७ मीटर डिशचा आणि टोटल पॉवरचा (एकेकट्या डिशने मोजलेला) डेटा हवाच. कासा या सॉफ्टवेअरमध्ये फेदर करण्याआधी (दोन्ही नकाशे जोडण्याआधी) टोटल पॉवरचा क्यूब (प्रत्येक वेगाचा एक नकाशा असलेला संच) इंटरफेरोमीटरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिशच्या, क्यूबच्याच ग्रिडवर, त्याच वेग-चॅनेलवर आणा, एकक जान्स्की प्रति बीम करा आणि त्याला मोझाइकच्या .pb ने (डिशची संवेदनशीलता कडेला किती घटते त्याच्या नकाशाने) गुणा. इंटरफेरोमीटरचा क्यूब मात्र pbcor (त्या घटीची दुरुस्ती) न केलेलाच द्या. बहुतेकांची चूक इथेच होते. शेवटी जोडलेला क्यूब टोटल पॉवरच्या बीमपर्यंत धूसर करून दोन्हींचे वर्णपट ताडून पाहा. जुळायलाच हवेत.

मध्यावरचा खड्डा खरा आहे. वाटेतला, मुख्यतः सर्पिल भुजांमधला, वायू ए-स्टारचा प्रकाश शोषतो. शून्य, −३०, −५३ आणि −१३५ किमी/सेकंदाच्या आसपास अरुंद रेषा दिसल्या तर त्यांना हात लावू नका. कंटिन्युअम (सर्व वारंवारतांवरचा सलग प्रकाश) वजा करताना ±२०० किमी/सेकंद वगळा, नाहीतर रेषेचाच काही भाग वजा होईल.

सीओ नको. तो वाटेतल्या विरळ ढगांतही भरपूर असतो, त्यामुळे कडं त्यात बुडून जातं. एचसीएन दाट वायूत उजळतो, इथे तोच कामाचा.

मोजपट्टी:
वेगाचा ताळाही घ्या. कृष्णविवराचं ४० लाख सूर्यांएवढं वस्तुमान, १.५ पारसेक त्रिज्या, म्हणजे फिरण्याचा वेग √(०.००४३ × ४०,००,००० ÷ १.५) = साधारण १०७ किमी/सेकंद (०.००४३ हा या एककांतला गुरुत्वस्थिरांक). कडं तिरपं असल्याने दिसणारा वेग थोडा कमी येईल.

कड्याचं वस्तुमान मात्र घाईने लिहू नका. २००५ च्या एचसीएन नकाशातल्या गुठळ्या स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेल्या धरून एकूण १० लाख सूर्य निघाले. धुळीच्या प्रारणावरून काही दहा हजारच निघतात. गुठळ्या बांधलेल्या असल्या तरच पहिला आकडा खरा. कृष्णविवराच्या ओढीपुढे टिकायला तिथे घनसेंटिमीटरमागे कोटीभर रेणू लागतात, आणि नंतरच्या मोजमापांत घनता बहुतेक ठिकाणी त्याहून कमी भरली. एच१३सीएन (जड कार्बनचा, विरळ एचसीएन; ८६.३४ गिगाहर्ट्झ) जोडीला घ्या, एचसीएनच्या रेषेची अपारदर्शकता किती ते कळेल.